नवीन एअर पिस्तूल साफ केलं आणि आतून टक् टक् येतंय

मृदुला_कर्वेनगर
नमस्कार मंडळी. हा प्रश्न क्रीडा विभागात टाकावा की तंत्रज्ञानात, कळेना, म्हणून इथेच टाकतेय. ॲडमिनना वाटलं तर हलवा.

लेक दहावीत आहे, १० मीटर एअर पिस्तूल करते. आतापर्यंत क्लबचं वापरत होती, दिवाळीत तिचं स्वतःचं घेतलं. पीसीपी आहे, म्हणजे नळीखाली हवेचा सिलेंडर लागतो तो प्रकार. ट्रिगर मेकॅनिकल, बॅटरीवाला नाही. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर धागा ब्रँडयुद्धात वाहून जाईल.

काल घरी पहिल्यांदा साफसफाई केली. नळी पुसायच्या फेल्टच्या (दाबलेल्या लोकरीच्या) गोळ्या नळीतून काढल्या, बाहेरून पुसलं, ग्रिप घामाने चिकट झाली होती म्हणून तिचा खालचा स्क्रू काढून ती वेगळी केली. परत बसवण्याआधी लेकीने पिस्तूल सहज तिरकं केलं तर आतून 'टक्'. उलटं केलं, पुन्हा 'टक्'. शिवाय ग्रिप काढल्यावर ट्रिगरच्या मागे एक बारकी पट्टी दिसते. बोटाने हलवली तर डुगडुगते, तिला काही ताणच नाही. नव्या वस्तूत असं असतं का?

सर ज्युनिअर टीम घेऊन बाहेरगावी गेलेत, फोन लागत नाही. दुकानदार म्हणतो पाठवून द्या, बघतो. म्हणजे कधी परत येईल ते देव जाणे. पुढच्या आठवड्यात स्पर्धा आहे. नवऱ्याकडे एलन कीचा संच आहे आणि तो मी सध्या लपवून ठेवलाय. उघडायचं की नाही?

पॉपकॉर्न_पाटील
संच लपवलात ते बेस्ट केलंत. बाकी जाणकारांच्या प्रतीक्षेत.

नेमबाज_निवृत्त
मृदुलाताई, घाबरू नका, पण उघडूही नका. आधी एवढं सांगा:

सिलेंडर काढलाय ना? काढला असला तरी रेग्युलेटरच्या (हवेचा दाब सारखा ठेवणारा भाग) पुढे थोडी हवा अडकलेली असते, एखादा बार सहज होऊ शकतो. त्यामुळे सिलेंडर हातात आहे म्हणजे पिस्तूल मेलं असं समजू नका. नळी सुरक्षित दिशेला, छर्रा भरायची लीव्हर उघडी, नळीत सेफ्टी फ्लॅगची (नळी रिकामी आहे हे दाखवणारी) दोरी आरपार. घरातसुद्धा.

फेल्टच्या गोळ्या जेवढ्या घातल्या तेवढ्या बाहेर आल्या का? एखादी नळीत राहिली आणि मागून छर्रा घातला, तर दोन्ही अडकतात. आवाजाशी याचा संबंध नाही, पण विचारून ठेवतो.

आणि मुख्य म्हणजे आवाज कुठल्या दिशेचा? नळी वर-खाली केली की येतो, की पिस्तूल डाव्या-उजव्या कुशीवर वळवलं की? या एका गोष्टीवर अर्धं निदान होतं.

यंत्रवेडा
मला तर हा ॲबसॉर्बर वाटतोय. बऱ्याच मॅच पिस्तुलांत बाराचा धक्का जिरवण्यासाठी एक सरकतं वजन दिलेलं असतं. बार झाला की ते उलट दिशेला जातं आणि माशी (नेम धरायचा नळीच्या टोकावरचा खुंट) जागची हलत नाही. ते वजन मोकळंच असतं, पिस्तूल उभं-आडवं केलं की सरकतं. आमच्या क्लबात दर वर्षी एक तरी नवा पालक पिस्तूल कानाशी धरून हलवतो आणि 'आत काहीतरी तुटलंय' म्हणून धावत येतो.

मॅन्युअलमधलं सुट्या भागांचं चित्र काढा. त्यात नळीच्या खाली किंवा वर वजन आणि स्प्रिंग अशी जोडी दिसली तर चहा प्या आणि झोपा.

रस्सा_कोल्हापुरी
यंत्रवेडा, ॲबसॉर्बर असंल तर तो घेतल्या दिवसापासनं वाजला असता की. त्या म्हणतायत साफ केल्यावर वाजाय लागलं.

ताई, एक सोपी गोष्ट करा. सिलेंडर बाहेर, नळी रिकामी, लीव्हर ओढून पिस्तूल कॉक करा, म्हंजे बाराला तयार, आणि मग हलवून बघा. आवाज गेला तर तो हॅमर, म्हंजे हवा सोडायला ठोका देणारा भाग. कॉक नसताना काही मॉडेलांत हॅमरच्या मागं स्प्रिंगचा दाब नसतो, तो आपल्या भोकात पुढं-मागं खेळतो. कॉक केलं की सिअरवर (ट्रिगर दाबंपर्यंत हॅमर धरून ठेवणारा खटका) अडकतो आणि गप्प. आवाज तरीबी आला तर मग आत दुसरं कायतरी आहे.

ती डुगडुगणारी पट्टीबी तसलीच असणार. कॉक नसताना ट्रिगरच्या पहिल्या टप्प्याला ताण कुठनं येणार?

मृदुला_कर्वेनगर
@नेमबाज_निवृत्त: सिलेंडर काढलेला आहे, फ्लॅग घातला. फेल्टच्या गोळ्या सगळ्या आल्या, लेकीने वाटीत मोजल्या.
@यंत्रवेडा: चित्रात असं वजन दिसत नाही.
@रस्सा_कोल्हापुरी: कॉक केल्यावर पट्टी घट्ट झाली! ती काळजी मिटली. आवाजही बराच कमी झाला, पण गेला नाही. आधी एक जाड 'टक्' आणि एक बारीक 'टिक्' असे दोन येत असावेत. जाड गेला, बारीक राहिला. आणि हा बारीक कुशीवर वळवलं तरी येतो.

नेमबाज_निवृत्त
उत्तम निरीक्षण. हॅमर नळीच्या रेषेतच सरकतो, कुशीवर वळवून तो वाजणार नाही. म्हणजे बारीक आवाज सुट्या तुकड्याचा. आता त्या पिस्तुलाने गोळीबार नको. सुटी वस्तू सिअरच्या खाली गेली तर ट्रिगर नीट धरणार नाही, आणि लीव्हर मिटता मिटता बार होऊ शकतो.

ह्यूस्टनचा_हेमंत
विषय थोडा वेगळा, पण सांगतो. इकडे टेक्सासात मी ९ एमएम चालवतो. पिस्तूल नवं घेतलं की पहिल्या साफसफाईला निम्मे लोक घाबरतात. स्ट्रायकरवाल्या (बाहेर हॅमर नसलेल्या) पिस्तुलांची स्लाइड, म्हणजे वरचा सरकता भाग, काढली की ट्रिगर लुळा पडतो, ट्रिगर बार (ट्रिगरला आतल्या भागांशी जोडणारी पट्टी) हलतो. सगळ्यांना वाटतं मोडलं. स्लाइड चढवली की सगळं जागेवर.

पण खरी मजा ग्रिपची आहे. बेरेटा ९२ मध्ये ट्रिगर बारची स्प्रिंग उजव्या ग्रिपच्या पट्टीनेच जागेवर दाबून धरलेली असते. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं ग्रिप म्हणजे नुसतं प्लास्टिक, काढली तर काय बिघडतंय? पट्टी निघाली की स्प्रिंग कोपऱ्यात उडी मारते आणि मग पूर्ण गॅरेज हातापायांवर. पट्टी परत लावली, स्प्रिंग मात्र राहिली, तर ट्रिगर नीट काम करत नाही. म्हणून मला वाटतं ताईंच्या केसमध्येही ग्रिप काढणं हेच मूळ असावं. ग्रिपने काही धरून ठेवलेलं होतं का ते चित्रात बघा.

पॉपकॉर्न_पाटील
हेमंतराव, गॅरेज आहे म्हणून तुम्ही हातापायांवर. आमच्याकडे स्प्रिंग उडाली तर थेट खालच्या मजल्यावरच्या कुलकर्ण्यांच्या वरणात.

सदू_सातारकर
अहो पण हे पिस्तूल घरात ठेवायला लायसन्स लागत नाही का? दहावीतली मुलगी आणि पिस्तूल, वाचूनच धडधडलं.

अर्धवट_वकील
सदूभाऊ, शस्त्र नियम २०१६ प्रमाणे एअर वेपनचा बोअर (नळीचा आतला व्यास) ०.१७७ इंचांपेक्षा मोठा असेल किंवा ऊर्जा २० जूलच्या वर असेल तर परवाना लागतो. १० मीटरचं पिस्तूल ४.५ मिमी म्हणजेच ०.१७७. छर्रा साधारण अर्ध्या ग्रॅमचा, वेग सेकंदाला दीडशे मीटरच्या आसपास. गणित करा, ६ जूलच्या आतबाहेर येतं. हेमंतरावांचं ९ एमएम मात्र आपल्याकडे प्रतिबंधित बोअर आहे, ते प्रकरण निराळं.

परवाना नाही म्हणजे खेळणं मात्र नव्हे. ६ जूल डोळ्याला पुरेसे आहेत. कुलूपबंद ठेवा, छर्रे वेगळे ठेवा.

सदू_सातारकर
धन्यवाद. आमचे वडील बंदुकीला शिलाई मशीनचं तेल घालायचे, सगळं गुळगुळीत चालायचं. ताईंनी दोन थेंब टाकून बघावेत काय?

नेमबाज_निवृत्त
नाही! हे मोठ्या अक्षरात वाचा. ती बंदूक वेगळी, हे वेगळं. इथे सिलेंडरमध्ये २०० बारपर्यंत दाबाची हवा असते. त्या दाबाखाली खनिज तेलाचा अंश गेला तर पेट घेऊ शकतो. शिवाय साध्या तेलाने काही ओ-रिंगा (हवा अडवणाऱ्या रबरी कड्या) फुगतात आणि मग सुंई करून हवा गळायला लागते. ओ-रिंगला सिलिकॉन ग्रीस, तेही नावाला. नळी कोरडी. ट्रिगरच्या भागांना मॅन्युअल सांगेल तेवढंच.

यंत्रवेडा
ॲबसॉर्बर नाही हे मान्य, माघार. आता माझा संशय एखाद्या ग्रब स्क्रूवर (बिनडोक्याचा बारका स्क्रू). ट्रिगरची जीभ ज्या पट्टीवर पुढे-मागे सरकते, तिथला स्क्रू सैल होऊन पडला असेल. ताई, जीभ हलतेय का?

मृदुला_कर्वेनगर
जीभ घट्ट आहे. बाहेरून दिसणारे सगळे स्क्रू चित्राशी जुळवून बघितले, सगळे जागेवर. ग्रिपने काही धरलेलं नव्हतं, चित्रात तिथे फक्त ग्रिप आणि तिचा स्क्रू आहे.

रस्सा_कोल्हापुरी
मग माझा अंदाज सांगू? छर्रा. तुमचाच छर्रा.

नवीन पोरं लोड करताना लीव्हर उघडतात, छर्रा चिमटीत धरून खाचेत ठेवतात, आणि तेवढ्यात पिस्तूल मागं कलतं. छर्रा नळीत न जाता खाचेच्या कडंनं खाली फटीत. पोरगं म्हणतं पडला कुठंतरी, दुसरा घेतं. मॅच चालू असंल तर कोण शोधतंय, ६० शॉट ७५ मिनिटांत मारायचे असतात. आमच्या दुधाळीच्या रेंजवर एका पोराच्या पिस्तुलातनं असले छर्रे निघालेले बघितलेत, तेबी चपटे होऊन.

बाहेर काढायची रीत अशी. पांढरा टॉवेल अंथरा, कडा उचलून परातीत बसवा, म्हणजे काय पडलं तर घरंगळत जाणार नाही. कॉक केलेलं असंल तर आधी मॅन्युअलमध्ये दिल्याप्रमाणं ते सोडवा. ग्रिप काढलेलीच आहे. लीव्हर उघडी ठेवा, फ्लॅग आत, पिस्तूल टॉवेलवर उलटं धरा आणि फ्रेमला खालनं वर हलक्या हातानं टिचक्या मारा. मग ह्या कुशीवर, मग त्या कुशीवर. हातोडी-बितोडी नको, बोटाची टिचकी. एक स्क्रूबी फिरवायचा नाही.

आजीची_नात
जे पडेल ते चुंबकाला लावून बघा. चिकटलं तर स्क्रू किंवा पिन, नाही चिकटलं तर शिसं.

यंत्रवेडा
स्टेनलेसचे काही स्क्रूही चुंबकाला दाद देत नाहीत, त्यावर विसंबू नका. नखाने दाबून बघा. शिशावर नखाचा ओरखडा उठतो, स्टीलवर नाही.

आजीची_नात
आणि मग हात साबणाने धुवा. शिसं आहे ते, वरण-भाताआधी.

पॉपकॉर्न_पाटील
कुलकर्ण्यांच्या वरणाचा पुन्हा उल्लेख झाल्याबद्दल आभार.

ह्यूस्टनचा_हेमंत
एक प्रामाणिक शंका. स्पर्धा एवढी जवळ आहे तर क्लबचंच जुनं पिस्तूल वापरावं ना? या गडबडीत काहीतरी राहून गेलं तर मुलीचा सामना जाईल.

नेमबाज_निवृत्त
हेमंत, तत्त्वतः बरोबर. पण ग्रिप हाताला बसायला महिने लागतात. लाकूड तासून, पुटी लावून ती तिच्या तळव्याची झालेली असते. सामन्याच्या तोंडावर दुसरं पिस्तूल हातात दिलं की दहाचे आठ होतात.

टोकियो ऑलिंपिकमध्ये काय झालं आठवतंय ना? मनू भाकरच्या पिस्तुलाची कॉकिंग लीव्हर पात्रता फेरी चालू असतानाच मोडली. दुरुस्तीला जावं लागलं आणि घड्याळ मात्र थांबत नाही. परत आली तेव्हा उरलेले शॉट घाईत मारावे लागले. तरी ५७५ केले, १२वी आली, अंतिम फेरी दोन गुणांनी हुकली. सरळ दुसरं पिस्तूल का नाही घेतलं, असं तेव्हा घरबसल्या सगळ्यांनी विचारलं. ज्याने ग्रिप तासलीय त्याने नाही विचारलं. २०२४ ला पॅरिसमध्ये त्याच प्रकारात तिने कांस्य घेतलं.

रस्सा_कोल्हापुरी
पॅरिसचं नाव काढलं तर आमच्या राधानगरी तालुक्यातल्या स्वप्निल कुसाळेचंबी काढा. ५० मीटर रायफल थ्री पोझिशन, कांस्य. आणि राही सरनोबत, २०१८ आशियाई स्पर्धा, पालेमबांग, २५ मीटर पिस्तूल, सोनं. कोल्हापूरला फक्त रस्सा मिळतो असं कुणी समजू नये.

पॉपकॉर्न_पाटील
तुमचं टोपणनाव बघून तसं कोण समजणार!

यंत्रवेडा
नेमबाज काकांशी एका मुद्द्यावर मात्र असहमत. 'उघडू नका, उघडू नका' करत आपण मुलांना अडाणी ठेवतो. रेंजवर पिस्तूल अडलं की मुलं हात वर करून कोचची वाट बघत बसतात. ग्रिप काढणं, ओ-रिंग बदलणं, मॅगी होईपर्यंत सिलेंडर भरणं, एवढं पंधराव्या वर्षी यायलाच हवं.

नेमबाज_निवृत्त
ग्रिप, ओ-रिंग, सिलेंडर, माशी बदलणं, मान्य. ट्रिगरचा डबा नाही. तिथे पाव फेऱ्याने ट्रिगरचं वजन (तो दाबायला लागणारा जोर) बदलतं, आणि सिल तोडलंत तर वॉरंटीही जाते. रेषा तिथे आहे. आणि मॅगी होईपर्यंत सिलेंडर भरायचा नसतो, हळू भरायचा असतो, घाई केली की तापतो.

मृदुला_कर्वेनगर
मंडळी, निघाला!!

परात, टॉवेल, टिचक्या, सगळं रस्सादादांनी सांगितलं तसं. डाव्या कुशीवर काही नाही. उजव्या कुशीवर धरून लेकीने टिचकी मारली आणि लीव्हरखालच्या फटीतून एक छर्रा टॉवेलवर पडला. छर्ऱ्याची मागची घागऱ्यासारखी बाजू पूर्ण चपटी, डोक्यावर एक चमकदार रेघ, कशाखाली तरी दाबला गेला असावा. नखाचा ओरखडा उठला. हात धुतले. टिक् गेला. हॅमरचा जाड टक् आहे तसाच आहे, पण आता तो आमचा घरचा माणूस.

लेक म्हणते, क्लबात एकदा छर्रा 'हरवला' होता तो हाच.

पण आता दुसरं लफडं. मी टॉवेल आणायला आत गेले तेवढ्यात संच सापडला होता. नवऱ्याने ट्रिगरजवळचा एक स्क्रू 'सैल वाटला म्हणून' फिरवला. किती, ते त्याला आठवत नाही. 'थोडासा' असं उत्तर मिळालं. घरी वजन नाही, पण लेक म्हणते ट्रिगर हलका लागतोय.

पॉपकॉर्न_पाटील
वहिनी, संच कुठे लपवला होतात? पुढच्या पिढ्यांना उपयोगी पडेल.

मृदुला_कर्वेनगर
तांदळाच्या डब्यामागे.

पॉपकॉर्न_पाटील
हौशी जागा. नवरे तिथे आधी बघतात.

नेमबाज_निवृत्त
बरं. आता हे गंभीर आहे, कारण एअर पिस्तूलचा ट्रिगर किमान ५०० ग्रॅमचा हवा. सामन्याआधी इक्विपमेंट कंट्रोलमध्ये (साहित्य तपासणीत) नळी उभी धरून ट्रिगरला ५०० ग्रॅमचं वजन लटकवतात आणि उचलतात. ट्रिगर सुटला तर नापास. तीन संधी मिळतात. आणि सामना संपल्यावर कुणालाही बाजूला घेऊन पुन्हा तपासतात, तिथे नापास झालात तर थेट बाद. पदक गळ्यात पडायच्या आत.

कुठला स्क्रू फिरवला ते चित्रावर बोट ठेवून विचारा. मॅन्युअलमध्ये प्रत्येकाला क्रमांक असतो: पहिल्या टप्प्याचं वजन, दुसऱ्या टप्प्याचं वजन, सिअरची पकड, ट्रिगर स्टॉप. वजनाचा फिरवला असेल तर बिघडलं काही नाही, परत आणता येतो. सिअरच्या पकडीचा असेल तर हात लावू नका, ते काम माहितगाराचंच.

मृदुला_कर्वेनगर
दुसऱ्या टप्प्याच्या वजनाचा आहे. क्रमांक जुळला. हुश्श.

नेमबाज_निवृत्त
मग उद्या बालेवाडीच्या रेंजवर किंवा क्लबात जा, टेस्ट वेट मागा. किराणा दुकानाचं माप दोरीला बांधून नको, दोरी कुठे टेकते त्यावर सगळं बदलतं. स्क्रू घट्ट करायच्या दिशेने पाव पाव फेरा द्या, प्रत्येक वेळी वजन उचलून बघा. ५०० ला उचलायला लागला की तिथे थांबू नका, थोडा वर ठेवा. घरी ५०० ला जेमतेम टिकलेला ट्रिगर स्पर्धेच्या दिवशी सुटतो. मी माझा नेहमी ५१०-५२० ला ठेवायचो, दहा-वीस ग्रॅमने गुण कमी होत नाहीत.

मग तिला वीस-तीस ड्राय फायर (छर्ऱ्याशिवाय ट्रिगर दाबणं) करू द्या, पुन्हा वजन लावा. नंतरच छर्रे. सुरुवातीला चार-पाच कागदावर मारून गट, म्हणजे छिद्रं किती जवळ पडतात ते, बघा.

रस्सा_कोल्हापुरी
आणि तिला लोड करायची सवय बदलाय सांगा. नळी किंचित खाली, मग छर्रा. बोटानं नळीत ढकलून लीव्हर मिटायची. नुसता खाचेत ठेवून मिटली की पुन्हा तेच.

मृदुला_कर्वेनगर
काल क्लबात जाऊन आलो. पहिल्यांदा लटकवलं तर ५०० ला लगेच सुटला, म्हणजे हलका झालाच होता. दोन वेळा पाव फेरा दिल्यावर उचलायला लागला, मग आणखी थोडा. ड्राय फायरनंतर पुन्हा बघितलं, टिकला. गट तिच्या नेहमीसारखा. सरांचाही फोन आला, त्यांनी सगळं ऐकून एकच विचारलं, "स्क्रू कोणी फिरवला?" मी नवऱ्याकडे फोन दिला.

सगळ्यांचे मनापासून आभार. स्पर्धेचं कंट्रोल शुक्रवारी आहे, कळवते.

सदू_सातारकर
धागा वाचून पुतण्याला घालायचं म्हणतोय खेळात. ओळखीत एक जुनं पिस्तूल स्वस्तात मिळतंय, पीसीपीच. काय बघून घ्यावं?

यंत्रवेडा
सगळ्यात आधी सिलेंडरवर कोरलेली तारीख बघा. त्यांचं आयुष्य साधारण दहा वर्षं धरतात. ते उलटून गेलं असेल तर भरायचा नाही, स्पर्धेतही चालत नाही. नवा सिलेंडर स्वस्त नसतो, तो खर्च धरून भाव करा. मग भरून रात्रभर ठेवायला सांगा आणि सकाळी दाबाचा काटा उतरला का बघा.

रस्सा_कोल्हापुरी
आणि उलटं करून टिचकी मारा.